नाताळचं लुगडं

नगरवाले नाताळची भेट द्यायला निघाले की शिरवण्यातल्या आमच्या आळीत बायका दारं लोटून घ्यायच्या. खोटं सांगत नाही. एरवी माणूस कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण नाताळच्या सकाळी प्रार्थनेहून परत आले, की अंगावरचा पांढरा शर्ट न बदलता, हातात काहीतरी उघडंच धरून घरोघर जायचे. आणि ती वस्तू बघून घेणाऱ्याचं तोंड उतरायचं.

कोपऱ्यावरच्या पेंटरला त्यांनी काठी दिली. पेंटर धडधाकट, परांचीवर माकडासारखा चढायचा. तो भडकला. "मी काय म्हातारा झालोय काय ओ?"

"ठेव. उजवा पाय उतरताना तू आधी टाकत नाहीस, बघितलंय मी."

पावसाळा संपेपर्यंत पेंटरचा गुडघा गेला. काठी त्यानंच वापरली, पण आळीत बोलणं काय झालं? काठी आली म्हणून गुडघा गेला.

आमची घरमालकीण आगरी म्हातारी, दोन लेकांची आई. तिला त्यांनी मोजायची टेप दिली. लोखंडी, गुंडाळायची. म्हातारीनं ती गटारात फेकली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "या मानसाला माजे दारान येवाला देव नका! सनाचे दिवशी घर मोजाला सांगतंय!" पुढच्या होळीला तिच्या दोन्ही पोरांनी घराच्या मधोमध भिंत घातली. मोजायला टेप शेजारून मागून आणली.

एकदा साफ चुकलेही. एका तरण्या पोराला पत्र्याची पेटी दिली, म्हणाले तू इथं राहणार नाहीस. तो अजून तिथंच आहे. पेटीत तांदूळ ठेवतो.

नाव त्यांचं मला ठाऊक होतं, पण आळीत कोणी घेत नव्हतं. नगर जिल्ह्यातले, मराठी ख्रिस्ती, म्हणून नगरवाले. मी सातारकडचा, म्हणून मला ते सातारकर म्हणायचे. महाप्याच्या एका कंपनीत आम्ही दोघं कामाला होतो. बाहेरगावी जाणाऱ्या मशिनीला लाकडी खोकं ठोकायचं काम त्यांचं, आणि ते खोकं ट्रकात चढवणाऱ्यांतला मी एक. नगरवाले तोंडात खिळे धरायचे आणि तसेच बोलायचे. मी एकदा म्हणालो, गिळाल एक दिवस. तर म्हणाले, "तोंडात खिळे असले की माणूस खोटं बोलत नाही. टोचतं."

असलं काहीतरी बोलायचे आणि पुढं हातोडा चालू.

कंपनीचे साहेब नाताळाला सगळ्यांना मिठाईचा पुडा द्यायचे, वर चकचकीत कागद, रिबिन. नगरवाले तो कागद तिथंच साहेबांसमोर सोडवायचे आणि घडी करून साहेबांना परत द्यायचे. साहेब कसनुसं हसायचे. मी म्हटलं, कशाला चारचौघांत? तर म्हणाले, "वाटेत फुटायची भीती असते ते गुंडाळतात, सातारकर. माझा जन्म गेला गुंडाळण्यात. इथून तिथं हातानं द्यायचं त्याला कागद कशाला?"

माणसाकडं बघायचे ते लाकडाकडं बघावं तसं. गाठ कुठं आहे, चिरणार कुठून. वर्षभर बघायचे आणि नाताळाला आणून द्यायचे. कधी शुभेच्छा नाहीत, कधी हसणं नाही. द्यायचे आणि वळायचे. कोणी करंज्या पुढं केल्या तर घ्यायचे नाहीत. "आज मी द्यायचा दिवस," म्हणायचे.

बायको त्यांची आधीच गेली होती. कशानं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात तिचा फोटोही नव्हता.

माझी बायको तेवढी दार लोटून घेत नसे. तिला पहिल्या वर्षी त्यांनी बुटकं स्टूल ठोकून आणलं, मोरीपाशी बसून भांडी घासायला. तिचे गुडघे दुखतात हे तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बघा, परक्याला दिसलं." मला जरा लागलंच ते.

एकदा संध्याकाळी दारात बसलो होतो. वाशीच्या दुकानांत तेव्हा नवीनच तो कापसाच्या दाढीचा, लाल टोपीचा बाहुला दिसायला लागला होता. ती बाजारातून बघून आलेली. नगरवाले त्यांच्या पायरीवर बसून वाकडे खिळे ठोकून सरळ करत होते. तिनं विचारलं, "तुमच्यात हे भेटी द्यायचं कुठनं आलं ओ? त्या लाल टोपीवाल्यानं आणलं का?"

"तो मागनं आला. दुकानदारांनी आणला. आधी शहाणी माणसं आली. तीन म्हणतात."

"कुठनं?"

"लांबून. चांदणी बघत बघत. बाळ बघायला. एकानं सोनं आणलं. बरं, ते कोणीही आणील. दुसऱ्यानं ऊद आणला, देवापुढं जाळायचा. तेही ठीक. तिसऱ्यानं गंधरस आणला. तुमच्याकडं हिराबोळ म्हणतात तो."

"मग तिसराच खरा शहाणा," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीत हिराबोळ लागतोच. सोनं काय चाटायचंय?"

नगरवाल्यांनी हातोडा खाली ठेवला. "त्यांच्या देशात तो मढ्याला लावायचे, वहिनी. पुरायच्या आधी."

मला राग आला. म्हटलं, "पाळण्यातल्या पोराला मढ्याचं सामान? बापानं हाकललं नाही त्याला?"

"नाही. आईनं ठेवून घेतलं."

"आणि ते पोर?" तिनं विचारलं. आम्हाला मूलबाळ झालं नाही. पोराची गोष्ट निघाली की ती शेवटपर्यंत ऐकायची.

"मोठं होऊन मेलं. मारलं त्याला लोकांनी. आईच्या डोळ्यांदेखत."

"आई गं." मग म्हणाली, "पण एवढ्या लांबून तो तेच घेऊन आला म्हणा. बाकीच्या दोघांसारखं गोडगोड आणता आलं असतं की त्याला."

"हां," नगरवाले म्हणाले. "म्हणून मी त्याच्या बाजूचा. आवडतं ते माणूस बाजारातून आणतो. लागणार असतं ते दुसऱ्यानंच आणून द्यावं लागतं. नाताळ म्हणजे तेवढंच." आणि परत खिळे.

मला ते बोलणं पटलं नव्हतं. आजही सगळं पटत नाही.

आळीत मयत झालं की तिरडी बांधायला नगरवालेच. सुतारकामाचा हात, गाठ पक्की बसायची. तो ख्रिस्ती, मयत हिंदूचं नाहीतर बौद्धाचं, तेव्हा कोणाच्या मनात यायचं नाही. एकदा पलीकडच्या खोलीतली परभणीकडची बाई गेली. सवाष्ण गेली. आमच्यात सवाष्णीचं शेवटचं हिरवं लुगडं माहेराहून यावं लागतं. भाऊ आणतो, भाऊ नसला तर चुलतभाऊ. तो आल्याशिवाय उचलत नाहीत. तिचे भाऊ परभणीहून निघालेले, पोचेनात. ऊन चढलं, बर्फ आणला, माणसं कंटाळली, तरी थांबली. शेवटी भाऊ धावत आला, काखेत लुगडं.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं डोकं धुतलं आणि दारात केस वाळवत बसली. मला म्हणाली, "माझं कोण आणणार ओ?"

"काय?"

"लुगडं. मला काय तशीच न्याल?"

तिचं माहेर धरणाखाली गेलं. गाव पांगलं, कोण कुठं बसवलं गेलं पत्ता नाही. आईबाप गेले. भाऊ नव्हताच. भाऊबीजेला ती बाहेर जाऊन चंद्राला ओवाळायची आणि आत येऊन कामाला लागायची. मी म्हटलं, "आधी मी जाणार, तू कशाला लुगड्याची काळजी करतीस?" ती म्हणाली, "तसं झालं तर मग हिरवं कुठलं." नगरवाले तिरडीचा उरलेला सुंभ गुंडाळत तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. मला काय माहीत?

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग गावातला डॉक्टर, मग मुंबईचा मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. गाठ आहे, पसरली आहे, कापून उपयोग नाही, घरी न्या, खाईल ते द्या. मी बाहेर आलो. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणाले?" मी म्हणालो, "अल्सर आहे. औषधानं जातो."

सगळ्यांना तेच सांगितलं. अल्सर. आळीतल्या बायका तिला सांगायच्या, माझ्या जावेला होता, दह्यानं गेला. ती दही खायची. उलटून पडायचं. दिवाळीला ती उठून चकल्या करायला बसली आणि सोऱ्या फिरवता येईना. मी फिरवला. तिला म्हटलं, अल्सरनं अशक्तपणा येतोच.

दिवाळी झाली आणि मला नाताळाची भीती बसली. नगरवाल्यांची नजर मला ठाऊक. रोज येता जाता ते तिच्याकडं बघत होते. आता ते काय आणतील? तिच्या हातात काय देतील? आणि त्यांनी दिलं की तिला कळणार. तिला कळलं की ती लवकर जाणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. माझी अक्कल तेवढीच. तोंडानं बोललं नाही तर मरण बाहेर थांबतं असं वाटायचं मला.

जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या शेडमध्ये गेलो. म्हटलं, "नगरवाले, ह्या वर्षी आमच्या दारात येऊ नका."

त्यांनी तोंडातले खिळे काढले. एक एक. "का?"

"तुम्हाला माहीत आहे का. तिला माहीत नाही आणि व्हायला नको."

"तिला माहीत नाही असं कोणी सांगितलं?"

"ते मी बघीन. तिचा नवरा मी आहे."

ते हातावरचे खिळे बोटानं सारखे करत राहिले. मला वाटलं ऐकणार नाही हा माणूस, येणारच. म्हणून मी हात जोडले. मी कोणापुढं हात जोडणारा नाही. "आलातच तर एवढं एक करा. चांगलं काहीतरी आणा. बायामाणसाला आवडेल असं. तुमचं ते लागणारं-बिगणारं आमच्या घरात नको."

बराच वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं, सातारकर. तिला आवडेल असंच आणतो." आणि खिळे परत तोंडात.

नाताळच्या सकाळी ती भिंतीला टेकून बसली होती. मी दारात उभा होतो, राखण केल्यासारखा. समोरून पांढरा शर्ट आला. हातात लुगडं. नऊवारी, हिरवंगार, लाल काठाचं. कागद नाही, पिशवी नाही, दोन्ही हातांवर उघडं धरलेलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं ऐकलं माणसानं. बायामाणसाला लुगड्याशिवाय काय आवडतं? मी हसलोसुद्धा. "या या, नगरवाले."

ते चप्पल काढून आत आले आणि तिच्यासमोर खाली बसले. खुर्ची होती, तिच्यावर नाही बसले. लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पदर उलगडला. काठावरून हात फिरवला. त्या हाताला तेव्हा नुसती कातडी राहिली होती. मग वर बघून विचारलं, "कुठनं आणलं?"

"माहेराहून, ताई," ते म्हणाले. "ठेव."

आजवर तिला ते वहिनी म्हणत होते.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. तिला लागला नाही. तिनं डोक्यावरून पदर घेतला, वाकता येत नव्हतं तरी वाकली आणि त्यांच्या पायाला हात लावला. म्हणाली, "दादा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. भाऊ असा जातो का?" आणि मला म्हणाली, "आलं घाला जरा."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी नाताळाला कोणाच्या घरचं काही घेतलं.

चहा पिऊन ते बाहेर पडले तसा मी मागं गेलो आणि गळपट्टी धरली. "तुला काय सांगितलं होतं मी? हात जोडले होते तुझ्यासमोर!" आळीतली दारं उघडली. पेंटर काठी टेकत पुढं आला. नगरवाल्यांनी माझा हात काढला नाही. म्हणाले, "आवडेल असं आणा म्हणालात. तिला आवडलं का नाही, आत जाऊन विचारा."

"सोडा त्यांना!" आतून तिचा आवाज आला. एवढा आवाज तिच्यात राहिलाय हे मला माहीत नव्हतं.

आत गेलो. लुगडं तिनं घडी करून उशाशी ठेवलं होतं. मला म्हणाली, "बसा. किती अल्सर अल्सर करताय दिवाळीपासून. मला काय कळत न्हाई? मी आपली गप्प, म्हटलं ह्यांना बरं वाटतंय तर वाटू दे."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही सोऱ्या हातात घेतला तेव्हा. जन्मात कधी चकलीला हात लावला होता का?"

मी रडलो. ती रडली नाही. म्हणाली, "एकच घोर होता, तो मिटला. आता मला दही देऊ नका."

त्यानंतर ती बोलायला लागली. डबे कुठले कुठं, देव कोणाला द्यायचे, स्टूल पेंटरच्या बायकोला द्या, माझी जोडवी काढू नका. मला ऐकवत नव्हतं. लोक म्हणतील चांगलं झालं, मोकळी झाली. मी तसं म्हणणार नाही. मला ते हिरवं दिसलं की मी तोंड फिरवायचो. पण ती झोपायला लागली हेही खरं. त्याआधी ती झोपत नव्हती, नुसती डोळे मिटून पडायची. दोन्हीतला फरक मला तेव्हा कळला.

शिवरात्रीच्या आसपास गेली. सकाळी.

गावाकडून माझा थोरला भाऊ आणि वहिनी आले. बायकांनी तिला अंघोळ घातली आणि लुगडं मागितलं. मी ट्रंकेतून काढून दिलं. वहिनीनं विचारलं, "हे कुणी आणलं?" कोणीतरी सांगितलं. वहिनी तटकन उठली. "किरिस्तावाचं लुगडं मयतावर? काय रीतभात राहिलीय का न्हाई मुंबैला येऊन? मी आणलंय की गावाकडनं."

"ते सासरचं झालं," मी म्हटलं.

"मग? माहेर हाय कुठं तिला?"

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे. शेवटच्या घडीला वाद नको. वहिनीचं नेसव."

नगरवाले बाहेर तिरडी बांधत होते. आत काय चाललंय सगळं ऐकू जात होतं त्यांना. मान वर केली नाही. सुंभाची गाठ मारली, ओढून बघितली, दुसरी घेतली. आत यायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि ते आपणहून येणारे नव्हते. मी उंबऱ्यात उभा. आत ती, बाहेर तो. मला आयुष्यात कधी चार माणसांत बोलता आलं नाही. मी बाहेर गेलो, त्यांच्या हातातला सुंभ घेतला आणि म्हणालो,

"मेव्हणे, आत या. लुगडं भावाच्या हातानं द्यायचं असतं."

सगळी आळी बघत राहिली. नगरवाल्यांनी हात शर्टाला पुसले. वहिनी काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात घरमालकीण म्हातारी तिला म्हणाली, "बाय गो, बाजूला हो. भाव आयलाय तिचा." तीच म्हातारी, टेप गटारात फेकणारी.

त्यांनी लुगडं उचललं, तिच्या अंगावर ठेवलं आणि उलट्या पावलांनी बाहेर आले. पुढचं सगळं त्यांनी लांबून केलं. नेरूळच्या मसणात माझ्या शेजारी उभे होते. ते हिरवं पेटलं तेव्हा त्यांनी माझा दंड धरला होता. कोण कोणाला धरत होतं ते सांगता येणार नाही.

मग वर्ष कसं गेलं मला आठवत नाही. कामावर जायचो, वडापाव खायचो, कधी तेही नाही. चूल म्हणजे स्टोव्ह मी पेटवलाच नाही. तिची पातेली मोठी, माणसं येतील म्हणून घेतलेली. त्यातल्या एकातही हात घालायची हिंमत होत नव्हती. पँट कमरेवर राहीना म्हणून सुतळी बांधायला लागलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, अ‍ॅसिडिटी आहे.

नाताळ आला. आळीतली दारं लोटली. माझं उघडं राहिलं, उठून लोटायचा कंटाळा म्हणून.

नगरवाले आले. हातात ॲल्युमिनियमचं पातेलं, एवढंसं, एका माणसाचा भात शिजेल इतकं. दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा. त्यांनी स्टोव्ह पुसला, पिन मारली, पेटवला. मला म्हणाले, "तांदूळ कुठं आहेत?"

"मला भूक नाही."

"मी विचारलं तांदूळ कुठं आहेत."

तिनं सांगितलेल्या डब्यातच होते. किडे झाले होते. आम्ही दोघं दारात बसून निवडले. त्यांनी ते माझ्याच हातानं धुवायला लावले, पाणी मला घालायला लावलं, किती ते सांगितलं नाही. पातेल्यावर ताटली ठेवून दोघं बघत बसलो.

भात कच्चा राहिला. मी घास घेतला आणि म्हणालो, "कच्चा आहे."

ते खात होते. दातांखाली कणी कडकड वाजत होती. सगळं संपवून ताटली खाली ठेवली आणि म्हणाले,

"उद्या पाणी जरा जास्त घाला, दाजी."